रात्री न काढलेली कवळी : वेंगुर्ल्याजवळच्या एका आजींचं प्रकरण

वेंगुर्ले तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका वाडीत राहणाऱ्या आजी. वय ७२. मुलगा मुंबईत नोकरीला, घरात सून आणि दोन नातवंडं. वरची आणि खालची पूर्ण कवळी बसवून नऊ वर्षं झालेली. मधुमेह बारा वर्षांचा, त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

आजी आल्या त्या ओठांचे कोपरे चिरले म्हणून. तोंड मोठं उघडलं की कोपऱ्यांतून रक्त यायचं, सोलकढी लागली की झोंबायचं. दुसरी तक्रार खालच्या कवळीची. जेवताना ती उचलते, भाकरीचा तुकडा तोडायला गेलं की जागेवरून सुटते. कोपऱ्यांना लावायला मेडिकलमधून मलम आणलं होतं. आठवडाभर बरं वाटायचं, मलम थांबलं की पुन्हा तेच. हे दोन-तीनदा झालं होतं. टाळूबद्दल मात्र त्यांची एका शब्दाचीही तक्रार नव्हती.

या प्रकरणातला आजार दुर्मीळ नाही. पूर्ण कवळी वापरणाऱ्या माणसाच्या टाळूवर बुरशी वाढणं आम्हा दंतवैद्यांना नेहमीचं, आणि त्यावरचे उपायही ठरलेले. तरी तो उलटतो. माझं मत असं आहे की उलटण्याचं कारण बहुतेक वेळा औषधाच्या चिठ्ठीत सापडत नाही. रात्री कवळी काढून ठेवायला हे माणूस का तयार नाही, या प्रश्नाच्या उत्तरात ते सापडतं. तो प्रश्न विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

तपासणीत काय दिसलं

आधी कवळी तोंडात असतानाच चेहरा पाहिला. नाक आणि हनुवटी जवळ आलेली, गाल बसलेले, ओठांचे कोपरे खाली दुमडलेले आणि त्या घडीत लाळ साचलेली. माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा वरच्या आणि खालच्या दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटरची फट राहते. आजींची फट ९ मिलिमीटर भरली. कवळीचे दात झिजले होते, त्याखालचं हाड खचलं होतं, त्यामुळे दात एकमेकांना भेटेपर्यंत जबडा गरजेपेक्षा जास्त मिटत होता आणि मिटताना पुढे सरकत होता. कोपऱ्यात कायम ओल राहिली की तिथली कातडी फुगते, चिरते आणि बुरशीला आणि जिवाणूंना घर मिळतं. नुसत्या मलमाने हे थांबणार नव्हतं, कारण घडी तशीच राहणार होती. त्यातून मेडिकलमधून आणलेल्या मलमात स्टेरॉइड होतं. त्याने सूज आणि आग कमी होते, बुरशीला मात्र उलट मोकळं रान मिळतं.

हाडाबद्दल इथे थोडं लिहिलं पाहिजे, कारण 'नऊ वर्षं छान बसत होती, आता अचानक काय झालं' असं प्रत्येक घरात विचारलं जातं. अचानक काहीच झालेलं नसतं. दात काढले की ज्या हाडाने त्यांना धरून ठेवलेलं असतं त्याचं काम संपतं आणि ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षी ही झीज सगळ्यात जास्त, नंतर वेग कमी होतो, पण ती थांबत नाही. टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं पाठपुरावा होता; त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या जवळजवळ चौपट दिसली. वरच्या कवळीला टाळूचा मोठा पृष्ठभाग आधाराला मिळतो, खालचीला घोड्याच्या नालाएवढी अरुंद पट्टी, आणि तीही जिभेच्या सततच्या हालचालीत. म्हणून तक्रार जवळजवळ नेहमी खालच्या कवळीची येते. कवळी तीच राहते, तोंड बदलत जातं. साधारण ५ ते ७ वर्षांनी आतून नवा थर देणं किंवा नवी कवळी करणं भाग पडतं, आणि दर वर्षी एकदा दाखवायला येणं आवश्यक असतं. आजी नऊ वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. त्यांना कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

मग कवळी काढायला सांगितली. आजींनी आधी दाराकडे पाहिलं. सून बाहेरच्या बाकावर बसली होती. दार ओढून घेतल्यावर त्यांनी तोंडावर पदर धरला, मान वळवली आणि मग कवळी काढून माझ्या हातात दिली.

टाळू लालभडक होता. कवळी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच लाली, आणि तिची किनार जिथे संपते तिथे रेघ आखल्यासारखा निरोगी गुलाबी रंग सुरू. खालच्या हिरडीवर अशी लाली नव्हती. खालच्या कवळीखालून लाळ वाहत राहते, वरची मात्र टाळूला घट्ट चिकटून बसते. तिच्या आणि टाळूच्या मध्ये लाळ पोचत नाही, हवा पोचत नाही, आणि कॅन्डिडा नावाची बुरशी तिथे निवांत वाढते. न्यूटन यांनी १९६२ साली या लालीचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, दुसऱ्यात सलग लाली, तिसऱ्यात टाळूवर बारीक बारीक फोडांसारखे उंचवटे. आजींचा दुसरा प्रकार होता. या आजाराची खोड अशी की तो बहुतेकांना दुखत नाही, म्हणून कुणी तो दाखवायला येत नाही.

खालच्या बाजूला, जिभेच्या अंगाला, कवळीची किनार टोचून गव्हाच्या दाण्याएवढी जखम झालेली होती. आणि आजी मशेरी लावत होत्या. दात गेले तरी सवय राहिली. सकाळी आणि दुपारी हिरडीवर बोट फिरायचंच. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच ती. चघळण्याच्या, लावण्याच्या तंबाखूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. म्हणून ओठांची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, सगळं बोटाने चाचपून पाहिलं. खालच्या ओठाच्या आत, मशेरी साचते तिथे, कातडी थोडी सुरकुतलेली आणि फिकट होती. कडक नव्हती, गाठ नव्हती. जखमेच्या जागी कवळीची किनार घासून कमी केली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम तुकडा काढून तपासायला पाठवायची, हा नियम मशेरीवाल्या तोंडात मी कधीही मोडत नाही.

रक्तात हिमोग्लोबिन ९.४ आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.६ आली. रक्त कमी, साखर जास्त; दोन्ही गोष्टी बुरशीच्या बाजूने. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि साखरेची औषधं बदलून दिली.

कवळी स्वच्छ होती, असं सगळ्यांना वाटत होतं

आजी व्यवस्थित बाई. कवळी रोज घासत होत्या, आणि मनापासून घासत होत्या. मागीलदारी भांडी घासायला बसल्या की शेवटी नारळाचं सोडण आणि चुलीतली राख घेऊन कवळीही घासून टाकायची. बाहेरून ती चकचकीत दिसत होती. आतून, म्हणजे टाळूला लागणाऱ्या बाजूने, ओरखड्यांनी खरबरीत झाली होती.

कवळी ज्या प्लास्टिकची असते ते ॲक्रिलिक दिसायला टणक असलं तरी त्यावर ओरखडा सहज उठतो. राख, मीठ, दंतमंजन, इतकंच काय नेहमीची टूथपेस्टही त्याच्यासाठी खरखरीतच. प्रत्येक ओरखडा बुरशीला धरून राहायला जागा देतो. त्यातून टाळूकडची बाजू खोलगट. सोडणाचा गुंडा तिथे नीट पोचतच नाही.

हे तोंडी सांगून पटलं नसतं. दातांवरचा थर दाखवायला आम्ही जो गुलाबी रंग वापरतो तो कवळीला आतून-बाहेरून लावला आणि ती नळाखाली धरली. बाहेरच्या बाजूचा रंग धुऊन गेला. आत, टाळूच्या खळग्यात आणि किनारीच्या घळीत, गडद गुलाबी थर तसाच चिकटून राहिला. नखाने खरवडल्यावर मऊ, पांढुरका लगदा निघाला. आजी चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गो बाय, ह्या सगळा माझ्या तोंडात होता?"

मऊ ब्रश आणि अंगाचा साधा साबण घेऊन तीच कवळी त्यांच्याकडूनच घासून घेतली. खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. आधी आतली बाजू, मग किनारी, मग दात. शेवटी पुन्हा रंग लावला. या वेळी जवळजवळ काही उरलं नाही. ते पाहून त्यांना जे समजलं ते मी तासभर बोलूनही समजलं नसतं. कवळी बसवून देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात हा रंग असावा असं मला मनापासून वाटतं.

उकळत्या पाण्याबद्दलही इथेच सांगते. आजींनी तसं केलं नव्हतं, पण या पट्ट्यात पुष्कळ घरांत चांगल्या हेतूने करतात. उकळत्या पाण्यात ॲक्रिलिकचा आकार बिघडतो, आणि वाकडी झालेली कवळी पुन्हा सरळ होत नाही.

"दुखणा नाय, मग काढूची कित्याक?"

रात्री कवळी काढता का, या प्रश्नाला आजींनी आधी मान डोलावली. रुग्ण बहुतेक वेळा डॉक्टरला बरं वाटेल ते उत्तर देतात. म्हणून प्रश्न बदलला : रात्री काढून कशात ठेवता? यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दुखणा नाय, खुपणा नाय. मग काढूची कित्याक?"

नऊ वर्षांत आंघोळीच्या वेळचे काही क्षण आणि घासायची मिनिटं सोडली तर कवळी तोंडातून निघालेली नव्हती. एकेक कारण बाहेर यायला वेळ लागला. पहिलं सांगायला सोपं होतं, म्हणून ते आधी आलं : वाटीत काढून ठेवली आणि "उंदरान व्हरली तर?" कौलारू घर, बाजूला नारळाची बाग, घरात उंदीर असतातच, ही भीती खरी आहे. दुसरं कारण घराच्या रचनेचं. आजी माजघरात नातवंडांसोबत झोपतात. धाकटी नात रात्री उठून त्यांच्या कुशीत येते. बोळक्या तोंडाची आजी पाहून ती घाबरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मग त्या म्हणाल्या, "माझ्या घोवान पण माका कधी बोळकी बघूक नाय." यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती.

शेवटचं कारण त्यांनी उठता उठता, पदर सारखा करत सांगितलं. "रातचा काय बरा-वाईट झाला तर बोळक्या तोंडान व्हरतले माका."

हे ऐकल्यावर 'रात्री कवळी काढत चला' हे वाक्य किती अपुरं आहे ते कळतं. छापील सूचनांच्या कागदावर ते पहिल्या ओळीत असतं, आणि ते बरोबरच आहे. दिवसातून सहा ते आठ तास टाळूला मोकळीक मिळायला हवी. त्यासाठी रात्र सगळ्यात योग्य, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि तोंड स्वतःला धुऊ शकत नाही. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ लोकांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. कवळीवरचा थर लाळेबरोबर झोपेत श्वासनलिकेत उतरू शकतो. एवढं सगळं खरं असूनही, ज्या बाईला बोळक्या तोंडाने स्मशानात जायची भीती आहे तिला ते सांगून काही हलत नाही. आधी तिची भीती ऐकून घ्यावी लागते, मग तिच्याशी मिळून वाट काढावी लागते.

वाट अशी निघाली. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात साधं पाणी, आणि डबा मच्छरदाणीच्या आत उशाशी. म्हणजे उंदराचा प्रश्न मिटला. पाणी अशासाठी की ॲक्रिलिक कोरडं पडलं तर आक्रसतं. दिवा मालवल्यावर अंधारात कवळी काढायची, आणि आजी तशाही घरात सगळ्यांच्या आधी उठतात, तर उठल्या उठल्या घासून घालायची. ज्या रात्री पाहुणे असतील आणि मन धजणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत आणि सून काजूच्या कारखान्यात गेल्यावर, सकाळी दहा ते दुपारी दोन कवळी बाहेर. पुस्तकात अशी सूट लिहिलेली नाही. पण चोवीस तासांपेक्षा वीस तास बरे, आणि कबूल करून पाळलेले चार तास मला खोटं सांगितलेल्या आठ तासांपेक्षा मोलाचे वाटतात. अखेरच्या भीतीबद्दल त्यांना एवढंच म्हटलं की डबा कुठे असतो ते घरातल्या एका माणसाला ठाऊक असू द्या, वेळ आलीच तर ते माणूस कवळी घालेल. त्यावर म्हणाल्या, "सुनेक सांगू नको हां." सांगितलं नाही. ते सांगणं त्यांच्या हातात होतं.

उपचार

बुरशी टाळूवर असते तशी कवळीतही असते. फक्त टाळूवर औषध लावलं तर कवळीतून ती परत येते, आणि आजींचं मलम दर वेळी फसलं त्यामागे हेही होतं. म्हणून दोन्हीकडे एकदम हात घातला.

दवाखान्यात कवळीची आतली बाजू घासून खरबरीत थर काढला आणि पातळ केलेल्या हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) द्रावणात ती दहा मिनिटं बुडवून खळखळून धुतली. दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, नाहीतर ॲक्रिलिकचा रंग उडतो. आणि धातूचा भाग असलेल्या कवळीला हे द्रावण चालतच नाही. घरी हे करायला मी सांगत नाही, प्रमाण चुकतं. घरी दिवसातून एकदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पाण्यात थोडा वेळ आणि मग साध्या पाण्यात. याने दात थोडे तपकिरी होतात, ते आधीच सांगून ठेवलं. टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूला क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं तोंडात लावायचं औषध, जेवणानंतर, चार आठवडे. ओठांच्या कोपऱ्यांना त्याच औषधाचं मलम, स्टेरॉइडवालं बंद.

बुरशीवरच्याच फ्लुकोनाझोलच्या गोळ्या देणं सोपं झालं असतं. एक गोळी, काम झालं, असं रुग्णालाही आवडतं. पण ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाला फ्लुकोनाझोल दिलं तर मधुमेहाचं औषध शरीरात जास्त साचतं आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते. वाडीत एकटी असलेली ७२ वर्षांची बाई दुपारी घेरी येऊन पडली तर? लावायच्या औषधाने भागत असताना तो धोका घ्यायचं कारण नव्हतं. अशीच एक आडवाट मायकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या जेलची : रक्त पातळ करायला वॉरफेरिन घेणाऱ्यांनी तोंडात लावायचं ते जेलसुद्धा टाळायचं असतं. कवळीवाले बहुतेक लोक वयस्कर, आणि त्यांच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं भरपूर. ती पिशवी टेबलावर रिकामी करून पाहिल्याशिवाय मी बुरशीचं औषध लिहीत नाही.

दोन आठवड्यांनी जखम भरलेली होती. टाळूची लाली निम्म्यावर. चार आठवड्यांनी मागचा थोडा भाग सोडला तर टाळू गुलाबी. या काळात जुन्याच कवळीला आतून मऊ तात्पुरता थर दिला आणि दातांवर ॲक्रिलिक चढवून उंची थोडी वाढवली, म्हणजे नव्या कवळीची उंची जबड्याच्या सांध्याला आणि स्नायूंना मानवते का ते आधी कळतं. मानवली. कोपऱ्यांची घडी उलगडली आणि चिरा भरल्या.

नवी कवळी

सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर कवळी सुजेच्या मापाची होते; सूज उतरली की सैल. म्हणून टाळू पूर्ण बरा झाल्यावरच माप घेतलं. पहिलं माप, त्यावरून आजींच्या तोंडापुरता खास ट्रे, त्यात गाल-ओठ-जीभ हलवून घेऊन किनारींचं माप, मग शेवटचं माप. यानंतर मेणाच्या पट्ट्यांवर जबड्यांचा मेळ घेतला. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण नऊ वर्षांत जबडा पुढे सरकवून चावायची सवय झाली होती. जीभ टाळूच्या मागच्या टोकाला लावा आणि तशीच ठेवून हळू मिटा, असं पुन्हा पुन्हा करून घेतलं, तेव्हा कुठे जबडा आपल्या मूळ जागी मिटायला लागला. हा टप्पा घाईत उरकला की पुढे सगळं सुबक होऊनही कवळी चावताना घसरते.

मेणातली ट्रायल पाहताना आजींनी आरसा बराच वेळ धरला. पुढचे दात थोडे पिवळसर आणि एक किंचित तिरका लावला होता. पांढरेशुभ्र नकोत, वाडीतल्या बायका हसतील, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यांचं बरोबर होतं. सत्तरीतल्या चेहऱ्यावर विशीतले दात बसवले तर सगळ्यांचं लक्ष दातांकडेच जातं.

खर्चाबद्दल दोन वाक्यं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना सहायक साधनं देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली आणि तिच्या यादीत कवळी आहे. शिबिर कधी लागतं त्याकडे आशाताईंनी लक्ष ठेवलं तर गरजू माणसापर्यंत ती पोचते. आजींच्या घरी मुलाने पैसे पाठवले.

कवळी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं. नवी कवळी पहिल्या चोवीस तासांत कुठे टोचते ते हिरडी दाखवते, आणि तेव्हाच घासून दिली तर माणूस ती काढून फडताळात ठेवून देत नाही. पहिला आठवडा पेज, मऊ भात, कुळथाची पिठी. मग मऊ घावणे, आंबोळी. तुकडा लहान, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. नैसर्गिक दातांच्या मानाने पूर्ण कवळीच्या चाव्यात फार तर पाव ताकद असते. भाकरी पुढच्या दातांनी तोडता येणार नाही, हाताने तोडूनच खायची. हे आधी सांगितलं नाही तर माणसाला वाटतं कवळीच बिघडलेली.

माशांचं मात्र वेगळं सांगावं लागतं, आणि किनाऱ्यावर ते सांगितल्याशिवाय कवळी हातात देऊच नये. वरची कवळी पूर्ण टाळू झाकते. घासात काटा आहे हे आपल्याला जीभ आणि टाळू मिळून सांगतात; त्यातला टाळू गेला की काटा कळत नाही आणि तो थेट घशात उतरतो. कवळी वापरणाऱ्यांत काटा गिळला जाण्याचा धोका जास्त असतो, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. आजींच्या घशात दोन वर्षांपूर्वी तारलीचा काटा अडकून त्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्याचा कवळीशी संबंध त्यांच्या ध्यानातही आला नव्हता. तारली, पेडवे असे बारीक काट्यांचे मासे दिवसाउजेडी, चष्मा लावून, बोटांनी मोकळे करून खायचे. भातात कालवून घाईने नाही. बांगडा चालेल, पण मधला काटा आधी अख्खा काढून. पाहुणे आले, गप्पा चालल्या आहेत, अशा जेवणाला सुरमईची तुकडी. मासे सोडा असं मी सांगितलं नाही. ते कुणी ऐकलंही नसतं, आणि या वयात प्रथिनांचा तोच मोठा आधार आहे.

पुढचे महिने

तीन महिन्यांनी टाळू पूर्ण निरोगी. एचबीएवनसी ७.४. वरची कवळी उत्तम बसलेली. खालची पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी, पण स्थिर म्हणता येईल अशी नाही. हाडच सपाट झालेलं आहे. खालच्या जबड्यात पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे धातूचे स्क्रू, घालून त्यावर कवळी अडकवायची, हा उपाय २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी पहिली पसंती म्हणून सुचवला होता. आजींना आणि मुलाला तो समजावून सांगितला. साखर आणि खर्च दोन्ही बघून त्यांनी नको म्हटलं, आणि मला तो निर्णय समजण्यासारखा वाटला. लग्नकार्याला जाताना जस्त नसलेली चिकटवायची पेस्ट, वाटाण्याच्या आकाराचे तीन-चार ठिपके, एवढी मुभा दिली. रात्री ती पुसून काढायची. कवळी सैल झाली म्हणून पेस्ट वाढवत जायचं नाही, तेव्हा दाखवायला यायचं.

गणपतीत घर मुंबईकरांनी भरलं होतं आणि त्या दिवसांत नियम मोडला. डबा उघडला गेला नाही. त्यानंतर टाळूच्या मागच्या भागात पुन्हा ठिपक्यांची लाली दिसली. आजींनी ते आपणहून सांगितलं, रंग न लावताच. औषध न देता फक्त कवळी रात्री पाण्यात ठेवायला लावली आणि दोन आठवड्यांत लाली गेली. लाली आणि रात्रीची कवळी यांचं नातं त्यांना स्वतःच्या तोंडात दिसलं.

त्या भेटीत सून आत आली होती. आजींनीच तिला सांगितलं होतं, कारण मोतीबिंदूमुळे कवळीच्या खळग्यातला थर त्यांना आता दिसत नाही. सून रविवारी ती उजेडात धरून पाहते. नातीलाही डबा ठाऊक झाला आहे. ती घाबरली नाही, तिने स्वतःचे पडलेले दुधाचे दात आजीला आणून दाखवले. नव्या कवळीच्या आत आजींचं नाव ॲक्रिलिकखाली बसवलेलं आहे, रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर ती दुसऱ्या कुणाच्या कवळीशी बदलू नये म्हणून.

मशेरी अजून सुटलेली नाही. दुपारची बंद झाली, सकाळची चालू आहे. खालच्या ओठाच्या आतली फिकट, सुरकुतलेली जागा पहिल्या भेटीत मोजून फोटो काढून ठेवला होता; आकार वाढलेला नाही, हाताला मऊच लागते. वर्षातून एकदाऐवजी दर तीन महिन्यांनी त्यांना बोलावलं आहे, आणि पुढच्या वेळी सूनही तोंड तपासून घेणार आहे, कारण सकाळी मशेरी तीही लावते.